पैसे पाण्यात, पाणी नळीत

घरातल्या नळाला पाणी सकाळी तासभर. संगणकाला मात्र चोवीस तास, तेही निळंशार, काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात. टँकरच्या वर्गणीवरून सोसायटीच्या सभेत हमरीतुमरीवर येणारी मंडळी घरी जाऊन तीस-चाळीस हजारांच्या नळ्या, पंप आणि सांधे मागवतात. ज्याचा त्याचा शौक.

वॉटर कूलिंगला माझा विरोध नाही, खरेदीच्या क्रमाला आहे. आधी ठरतो रंग. मग येतं तिन्ही बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट. मग पंपाच्या टाळक्यावरचा तो इवलासा पडदा, ज्यावर तापमानाचा आकडा नाहीतर नाचणारं मांजर दिसतं. मग नळ्या कडक घ्यायच्या की मऊ, यावर मित्रमंडळात रात्र-रात्र खल. आणि खिसा रिकामा होत आला की आठवतो रेडिएटर. म्हणजे उष्णता ज्यातून बाहेर पडायची, तोच भाग उरल्यासुरल्या पैशांत.

या क्रमामागे एक गोड गैरसमज आहे: पाणी आलं म्हणजे संगणक गार. माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, कारण माठ पाझरतो आणि पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून नेते. विदर्भातला डेझर्ट कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. संगणकातलं पाणी बंद नळीत. त्याला ना पाझर, ना वाफ. रेडिएटरवर फुंकली जाते ती खोलीतलीच हवा, त्यामुळे पाणी खोलीच्या तापमानाखाली एक अंशही उतरत नाही, पंखे कितीही सप्तरंगी असोत. मे महिन्यात नागपुरात खोलीच ४२ अंशांवर असेल, तर कामाला जुंपलेल्या यंत्रातलं पाणी पन्नाशी सहज ओलांडतं. या छंदात सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी-५ पंपाच्या कागदावर पाण्याची कमाल मर्यादा लिहिलेली असते ६० अंश. पीईटीजीच्या कडक नळ्याही त्याच सुमाराला मऊ पडून सांध्यातून सरकायला लागतात. थंड देशांतल्या खोल्यांमध्ये चित्रित केलेले व्हिडिओ बघून चंद्रपुरात खरेदी करणाऱ्यांनी आधी भिंतीवरचा तापमापक बघावा.

मग पाणी हवंच कशाला? तर वाहून न्यायला. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. अडचणीच्या कोपऱ्यात निर्माण झालेली उष्णता प्रशस्त रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची, एवढीच त्याची नोकरी. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाण्यावरच थंड राखला जातो, आणि तिथं ते शोभतंही, कारण यंत्र रात्रंदिवस हिशेब करत असतं. घरगुती यंत्र संध्याकाळी दोन तास गेम आणि उरलेला वेळ यूट्यूब.

या छंदाचे पूर्वज मात्र अस्सल भंगारातले होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतली पोरं जुन्या मोटारीच्या हीटरमधली जाळी काढून तिचा रेडिएटर करायची आणि पंप लावायची मासे पाळायच्या टाकीचा. १९७७ च्या पॉन्टिॲक बोनव्हिलची जाळी तर या मंडळींत फार नावाजलेली. दिसायला सगळं भयाण, पण क्रम बरोबर होता: आधी जाळी, मग बाकीचं. तेव्हा काचेची पेटी नव्हती, त्यामुळे लाजही नव्हती.

आता प्रोसेसरकडे येऊ. इंटेलचा कोर आय-९ १४९००के पूर्ण जोरावर २५३ वॅट खाईल असं इंटेलच सांगते. आतली चिप साधारण २५७ चौरस मिलिमीटरची, अंगठ्याच्या नखाएवढी. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ एक वॅट. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा यापुढे थंड पडलेला म्हणावा लागेल, कारण तिथं तेवढ्याच जागेत याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही उष्णता नसते. इथं अडतं ते पाण्यापाशी नाही. चिपमधून धातूच्या टोपणात आणि टोपणातून तांब्याच्या ब्लॉकमध्ये उष्णता उतरताना अडतं. पुढं नळ्या लावा, कालवा काढा, धरण बांधा. म्हणूनच भलामोठा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर लावूनही हा गडी शंभर अंशांना टेकतो आणि मालक दुकानदाराला शिव्या घालतो.

दुसऱ्या बाजूला एएमडीनं रायझन ७००० मालिका आणली, तेव्हा स्वच्छ सांगून टाकलं की जोरात काम करताना हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणारच, ते तसेच घडवलेत. वाव मिळेल तितका वेग वाढवत नेतात आणि ९५ ला थांबतात. आपल्याकडं लोक तो आकडा बघून ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसावं तसे पडद्यापुढं बसतात आणि सकाळी नवा कूलर मागवतात. नव्या कूलरवरही तो ९५ च दाखवतो, फक्त थोडा अधिक वेगानं पळून. मग तिसरा कूलर.

यावर फुकटातला इलाज आहे, म्हणून तो कुणी करत नाही. बायॉसमध्ये जाऊन विजेची मर्यादा घालायची. रायझनमध्ये त्यासाठी ‘ईको मोड’ नावाची आयती सोय आहे. इंटेलमध्ये २५३ च्या जागी १२५ लिहिता येतं. निम्मी वीज कापली म्हणून काम निम्म्यावर येत नाही, त्याच्या कितीतरी वर राहतं, कारण शेवटच्या काही टक्के वेगासाठीच हे प्रोसेसर बेसुमार वीज पितात. गेम खेळताना तर फरक शोधावा लागतो. पण बायॉसमधला आकडा काचेतून दिसत नाही आणि त्याचा फोटोही टाकता येत नाही.

आणि जोराची हौस पाण्यानं भागते असंही नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले प्रोसेसर बिघडू लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीनं कारण दिलं ते प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजचं, आणि हमी दोन वर्षांनी वाढवून दिली. ज्यांनी लाखभर रुपयांचा लूप, म्हणजे स्वतः जोडलेली पाण्याची साखळी, केला होता त्यांचेही गेले, ज्यांनी साधा पंखा लावला होता त्यांचेही. समाजवाद असा क्वचितच बघायला मिळतो.

माझा भाचा मागे विचारायला आला होता.

“मामा, रेडिएटर ३६० चा घेऊ की ४२० चा?”

“प्रोसेसर कुठला?”

“रायझन ७८००एक्स-थ्रीडी.”

“अरे, तो गेम खेळताना शंभर वॅटसुद्धा धड खात नाही. अडीच-तीन हजारांचा चांगला एअर कूलर घे. दोन पंखे, चार तांब्याच्या नळ्या, संपलं.”

“ते ठीक आहे रे,” तो म्हणाला, “पण मग काचेतून काय बघायचं?”

या प्रश्नाला पदार्थविज्ञानात उत्तर नाही.

एअर कूलर नको आणि लूप परवडत नाही, अशांसाठी मधला मार्ग म्हणजे तयार, सीलबंद संच. बाजारात त्याला एआयओ म्हणतात. पंप, ब्लॉक, नळ्या, रेडिएटर सगळं कारखान्यातूनच भरून येतं. डब्यावर नाव वेगवेगळं, पण आत बघावं तर कितीतरी वर्षं अनेकांचा मालमसाला डेन्मार्कच्या असेटेकचा. पंप आणि थंड करणारी ताटली एकाच डबीत बसवण्याचं पेटंट त्यांचं, आणि त्यावरून अमेरिकेत खटलेही झाले. २०१४ मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर तुम्ही दोन नामवंत ब्रँडांवरून वाद घालता, तेव्हा अनेकदा तो एकाच आईच्या दोन लेकरांवरचा वाद असतो.

या संचांबद्दल दुकानात न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, हा माल नाशिवंत आहे. रबराच्या नळीतून पाणी वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात उडत राहतं आणि त्याची जागा हवा घेते. पाच-सहा वर्षांची हमी उगाच नसते. साधारण तेवढंच आयुष्य धरून चालावं. तोच एअर कूलर बघा: फिरतो फक्त पंखा, तो गेला तर हजारात दुसरा. दुसरी गोष्ट बसवण्याची. आत साचलेली हवा वर चढते. पंप सगळ्यात उंचावर आणि रेडिएटर खाली असा बसवला की ती हवा थेट पंपात जाऊन बसते, आणि मग रात्री अडीचला संगणकातून खुळखुळ ऐकू येते. रेडिएटर छताला लावा, म्हणजे हवा तिथंच वर पडून राहील. पण छताला लावला की पंख्यांवरचे दिवे नीट दिसत नाहीत, म्हणून लोक तो खाली लावतात.

आता खरे भाविक, म्हणजे स्वतः लूप जोडणारे. इथं पहिला प्रश्न धातूचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्तातला ॲल्युमिनियमचा असेल, तर तुम्ही कूलिंग केलेलं नाही, बॅटरी केली आहे. प्रमाण विद्युत-विभव बघितलं तर तांबं अधिक ०.३४ व्होल्टला, ॲल्युमिनियम उणे १.६६ ला. मध्ये दोन व्होल्टचं अंतर, आणि दोघांना जोडणारं पाणी. ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकमधल्या केसासारख्या बारीक खाचांत अडकतो. सीलबंद संचांतही बहुधा हीच जोडी असते, पण तिथं गंजरोधक मिसळलेला द्रव कारखान्यातच भरलेला असतो आणि वरून कुणी काही ओतत नाही. तुम्ही ओतणार. तेव्हा रेडिएटर घेताना आतला धातू तांबं-पितळ आहे ना, हे कागदावर बघा. ‘मेटल बॉडी’ हे उत्तर नाही. काउंटरवरचा मुलगा “सर, सेमच असतं” म्हणाला, की त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.

रेडिएटर केवढा? ढोबळ हिशेब असा की पंखे शांत ठेवायचे तर दर १२० मिलिमीटरला शंभर वॅट, फार तर थोडं वर. आरटीएक्स ५०९० कार्ड एकटंच ५७५ वॅटचं. त्यात वरचा आय-९ मिळवला तर आठशेच्या पुढं गेलात. म्हणजे १२० चे सात-आठ तुकडे, म्हणजे ३६० चे दोन रेडिएटर लावूनही थोडं कमीच. एका ३६० वर दोघांना पोसणाऱ्यांच्या पंख्यांचा आवाज शेजारच्या घरात ऐकू येतो. “पण वॉटर कूलिंग शांत असतं ना?” असतं. रेडिएटर पुरेसा घेतला तर.

एक मान्य करायला हवं. पाण्याचा खरा फायदा कुठं होत असेल तर तो ग्राफिक्स कार्डला. चिप मोठी, वर धातूचं टोपण नाही, ब्लॉक थेट चिपवर बसतो, त्यामुळे कार्ड मुकाट्यानं काम करतं. पण तो ब्लॉक बहुधा नेमक्या त्या कंपनीच्या नेमक्या त्या मॉडेलचाच लागतो. तीच चिप असलेलं दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर तो बसेलच असं नाही. आणि दोन लाखांचं कार्ड उघडताना हमीचं स्टिकर फाटलं, की पुढचं तुम्ही आणि तुमचं नशीब.

मग सांधे. अंदाजपत्रक इथं फुटतं. प्रोसेसरचा ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, रेडिएटर, पंप-टाकी असे चार भाग धरले, तरी प्रत्येकी आत-बाहेर मिळून आठ सांधे. नळी वळवायची म्हणून एल्बो वेगळे, दोन वाटा फोडायच्या म्हणून टी वेगळी. एकेकाचे पाचशे ते हजार रुपये. सगळ्यांचे आटे पाव इंची, जी-१/४ मापाचे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सामानात दिसतात तेच बीएसपी. कॉम्प्रेसरवाल्याकडचा सांधा स्वस्त असतो. पण त्याचा आटा निमुळता निघाला तर ॲक्रिलिक तडकतं. या सांध्यांचा सगळा मामला आतल्या ओ-रिंगवर असतो. टेफलॉनची पट्टी गुंडाळायची गरज नाही आणि पाना तर लांबच ठेवायचा. दोन बोटांनी फिरवत न्यायचं. रिंग बसली की फिरवणं अचानक जड होतं. तिथून जेमतेम पाव फेरा, की थांबायचं. त्यापुढं जोर लावणारा माणूस पुढच्या आठवड्यात नवा ब्लॉक मागवताना दिसतो. आणि मऊ नळी घेताना आतला व्यास आणि बाहेरचा व्यास, दोन्ही सांध्याशी जुळायला हवेत: १०/१३ च्या सांध्यात १०/१६ ची नळी कुठल्याही देवाच्या नावानं बसत नाही. नळी काळी, ईपीडीएम रबराची घेतलीत तर सर्वात कमी कटकट. पारदर्शक मऊ पीव्हीसीतून तिला मऊ ठेवणारं रसायनच हळूहळू पाण्यात उतरतं आणि खाचांत चिकट थर देतं. पण काळ्या नळीतून पाणी दिसत नाही, हे आलंच.

नळ्यांचा क्रम कसा असावा, आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर वाद घालणाऱ्यांनी गणित करावं. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर २५० वॅट घेऊन ते तापतं एका अंशापेक्षाही कमी. सारं पाणी थोड्याच वेळात जवळपास एकाच तापमानाला येतं. नियम एकच: टाकी पंपाच्या आधी आणि वर. पंप कोरडा फिरला की संपला.

पाण्याबद्दल बोलायला नको, इतकं अज्ञान तिथं आहे. एक जण आरओचं पाणी घालतो, दुसरा ‘मिनरल’ची बाटली, तिसरा एसीतून ठिबकलेलं, कारण ते ‘नैसर्गिक डिस्टिल्ड’. क्षार असलेलं पाणी चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डीएम पाणी त्यापेक्षा कितीतरी बरं. त्यात शेवाळ धरू नये म्हणून जंतुनाशक आणि गंजरोधक घालावं लागतं. दोन्ही असलेलं तयार मिश्रणही मिळतं. गाडीचं हिरवं कूलंट ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असतं, आणि तुमच्या घरात लहान मूल किंवा मांजर असतं. ते दुधाळ, मोतिया रंगाचे द्रव तर निव्वळ प्रदर्शनासाठी. त्यातले कण तळाशी बसतात आणि खाचा बुजतात. प्रदर्शन दोन दिवसांचं असतं, संगणक पाच वर्षांचा.

लूप जोडला की लगेच भरून चालू करायचा नाही. नव्या रेडिएटरमध्ये डाख देताना राहिलेला फ्लक्स असतो. तो आधी गरम डीएम पाण्यानं खळखळून धुवायचा. मग द्रव भरून, खाली टिश्यू पेपर पसरून फक्त पंपाला वीज द्यायची, बाकी सगळं बंद, आणि दिवसभर वाट बघायची. पॉवर सप्लाय मदरबोर्डशिवाय चालवायला २४ पिनांच्या जोडात अडकवायचा छोटा जंपर मिळतो. तार कापून हिरवी-काळी शोधत बसू नका, हल्ली सगळ्याच तारा काळ्या असतात. गळती ही काही फक्त हौशी लोकांची मक्तेदारी नाही. ॲपलनं २००४ मध्ये पॉवर मॅक जी-५ ला कारखान्यातूनच द्रवाचं कूलिंग दिलं होतं, आणि पुढं त्यातली कित्येक यंत्रं आतल्या आत गळून कुजली.

हे सगळं जमलं, की आठशे वॅट उष्णता दिमाखात पेटीबाहेर पडते. कुठं? तुमच्याच खोलीत. एक टन एसी म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता उपसायची ताकद. त्यातला पाव टन या संगणकाच्या दिमतीला. एसी वाढवला की वीजबिल वाढतं, आणि बिल भरणारे बाबा काचेच्या पेटीकडं कौतुकानं बघतात.

भाच्यानं ऐकलं नाही, हे सांगायला नको. लूप झाला, देखणा झाला. त्यांच्याकडं फ्लश टँक दुरुस्त करायला प्लंबर आला होता, तो खोलीच्या दारात थबकला. पेटीसमोर उकिडवा बसला, एका नळीवरून नजर फिरवत खालपर्यंत गेला, मग दुसरीवरून वर आला. टाकी, एल्बो, टी, सगळं ओळखीचं.

“भाऊ, हे रिकामं कुठनं करायचं?”

“म्हणजे?” भाचा म्हणाला.

“पाणी बदलायला लागंल ना कधी? खाली कॉक दिसत नाही कुठं.”

कॉक नव्हताच. पाणी वर्षाकाठी तरी बदलावं लागतं, आणि तेव्हा कॉक नसलेला लूप म्हणजे अख्खी पेटी बाथरूममध्ये नेऊन आडवी-उभी करत बसणं, कार्ड आत असताना. हजारोंची रोषणाई घेणारा माणूस नेमकी ही वस्तू विसरतो, कारण तिच्यात दिवा नसतो.

तेव्हा लूप करणारच असाल, तर सर्वात खालच्या ठिकाणी एक टी आणि एक बॉल व्हॉल्व्ह पहिल्याच यादीत लिहा. दोन हजारांच्या आत काम होतं. रंगीत पंखा एक कमी घ्या.